अरविंदभियाचा अंतरपाट

आमचा अरविंदभिया बोलतो भरपूर, पण मोठा कॉम्प्रेसर चालू असतानाच. त्या घरघरीत तो तुमच्या कानाशी येऊन ओठ हलवतो आणि नंतर म्हणतो, "मी सांगितलं होतं ना." भावाला भिया म्हणणाऱ्या देवासच्या या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो आणि तो मेंटेनन्स. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे साधं बेअरिंगसुद्धा खुणेनेच मागितलं आहे.

हाच माणूस लग्नात मात्र मांडव दणाणून सोडतो. देवास काय आणि धार काय, इकडच्या मराठी घरांत मंगलाष्टकं म्हणायला भियाच लागतो. अट एकच, अंतरपाटाचं एक टोक तो धरणार आणि त्याच्या आड तोंड लपवून गाणार. अंतरपाट दूर झाला की आवाज गुल. मग तो थेट जेवणाच्या पंगतीत सापडतो.

स्वतःचा अंतरपाट काही त्याच्या नशिबी आला नाही. आम्ही मुलगी बघायला लोहारद्याला गेलो होतो. तिने सरळ विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" भियाने पोहे संपवले, नमस्कार केला आणि उठला. "विचारायचं खूप होतं रे," तो परतीच्या बसमध्ये मला म्हणाला. बसचं इंजिन फार आवाज करत होतं, म्हणून.

यंदा नवे मॅनेजर आले. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये ज्याने त्याने उभं राहून आपल्या विभागाचं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या दिवशी भिया उभा राहिला आणि तसाच बसला. साहेब चिडले नाहीत, पण म्हणाले, "अरविंदजी, बोल नहीं पाओगे तो चार्ज किसी और को देना पड़ेगा." त्या दुपारी भियाने डबा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं. त्या मशिनांवर त्याचा जीव आहे.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी प्रेस मशिनचं मोठं ड्रॉइंग भिंतीवरून काढलं. एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं. "भिया, अंतरपाट समज आणि सुरू हो."

कागदाच्या आडून असा आवाज निघाला की साहेबांचा चहा सांडला. चाल तेवढी मंगलाष्टकाची लागली होती. कुठला पट्टा तुटला, कुठे तेल गळतंय, सगळं सुरात. शेवटी मागून कोणीतरी अक्षता म्हणून शेव उधळली. साहेब हसून बेजार झाले, पण पट्टा त्याच दिवशी मागवला.

मग मी रोज कागद थोडा खाली घेऊ लागलो. आधी कपाळ दिसलं, मग डोळे. मिशी दिसली त्या दिवशी सूर सुटला आणि साधं बोलणं आलं. चार्ज त्याच्याकडेच राहिला. अजून तो माणसांकडे न बघता पंख्याकडे बघून बोलतो, पण बोलतो.

गेल्या सोमवारी टोंकखुर्दची नवी ट्रेनी मुलगी मीटिंगमध्ये उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. भिया उठला, ड्रॉइंग काढून तिच्यासमोर धरलं आणि दुसरं टोक धरायला मला खुणेने बोलावलं.

"बोल बेटा, सावकाश," तो तिला म्हणाला. "कागद तू सांगशील तेव्हाच खाली घेऊ."

कॉम्प्रेसर बंद होता. त्याचं बोलणं शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.