माझा हुक आणि ताईंची चारची बस

आमच्या ऑफिसला जी शिस्त वीस वर्षांत लागली नाही, ती मी चाळीस ओळींत लावली! आमचे प्रोग्रामर आपापले बदल सामाईक रिपॉझिटरीत कमिट करतात, म्हणजे जमा करतात, आणि सोबत कारण लिहितात. कारणं तरी कसली? ‘चूक दुरुस्त.’ ‘परत चूक दुरुस्त.’ ‘आता तरी चाल बाई.’ मी हुक बसवला. बदल जमा होण्याआधी आपोआप चालणारी ही स्क्रिप्ट, म्हणजे दारावरचा पहारेकरीच. कारण तीस अक्षरांहून कमी? परत! ‘चूक’, ‘दुरुस्त’ असले आळशी शब्द? परत!

दुसऱ्याच दिवशी साडेतीनला शेजारच्या टेबलावरून ताई किंचाळल्या, “मेले!”

त्यांच्या अपॉइंटमेंट देणाऱ्या प्रोग्रामने दातांच्या दवाखान्यात उद्या सकाळी नऊला छत्तीस पेशंट एकाच खुर्चीवर बसवले होते. आणि ताईंची चारला गावची बस. उद्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन!

एका ओळीचा बदल त्यांनी लगेच केला. कारण लिहिलं, ‘वेळ बदलली.’ हुक म्हणाला, अपुरं.

“सविस्तर लिहा ना,” मी समजावलं.

‘छत्तीस पेशंटना एकच वेळ देणारी चूक काढून टाकली.’ हुक म्हणाला, आळशी शब्द.

“अहो सर, चुकीला चूक नाही तर काय, वाढदिवस म्हणू?”

“थांबा, हुकच सैल करतो.” मी ऐटीत खुर्ची ओढली. पण हुकाची स्क्रिप्टही त्याच रिपॉझिटरीत, म्हणजे तिचा बदलही हुकाच्या तपासणीतूनच जाणार! कारण लिहिलं, ‘हुकातली माझी चूक मान्य करून नियम सैल केला.’ हुकाने मलाही हाकललं. तीन पन्नास!

“तुम्ही निघा ताई, मी बघतो.”

“तुम्ही बघितलंत म्हणून तर ही वेळ आली! व्हा बाजूला!”

त्यांनी एका दमात बडवलं, ‘माझी बस सुटतेय, बाबा वाट बघतायत आणि हा नियम करणारा शहाणा शेजारी घाम पुसतोय.’

हुकाने निमूट घेतलं! त्याला अक्षरं मोजता येतात, अर्थ कुठे कळतो? ताई पर्स घेऊन अशा सुटल्या, की दरवाजा नंतर मिनिटभर हलत होता.

सव्वाचारला मेसेज आला, “बस मिळाली. बाबांना फोनवर सगळं सांगितलं.”

मी हायसं वाटून लिहिलं, “काय म्हणाले?”

“म्हणाले, डोळ्याची पट्टी सुटली की आधी त्या माणसाला बघायचंय!”