लिफ्टची पहिली समानव मोहीम

डोंबिवली पूर्वेच्या नवचैतन्य सोसायटीतली 'ए' विंगची लिफ्ट पाच महिने बंद होती. एका मंगळवारी दुपारी ती दुरुस्त झाली आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. वागळे इस्टेटमधून आलेला मेकॅनिक गणू हात पुसत म्हणाला, "झाली चालू. बसा आणि जावा."

सातव्या मजल्यावर कलावतीकाकींना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि पाच महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. लेक संचिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, पण सात जिने ऐकून तिच्या सासूने तिला ठाण्यात खोपटलाच ठेवून घेतलं. नात आता महिन्याची झाली होती आणि आजीने तिला पाहिलं होतं ते फोनवर, त्यातही निम्मा वेळ पंखाच दिसायचा. बारसं पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी होतं. "खुर्चीत बसवून नेऊ," असं त्यांचे यजमान सहदेवकाका म्हणाले, तर काकी म्हणाल्या, "उचलून न्यायचं ते एकदाच. इतक्यात नको."

पण सोसायटीचे सेक्रेटरी प्रफुल्लराव अंतराळाच्या बातम्यांचे भक्त होते.

"असा एकदम माणूस बसवतात का?" त्यांनी गणूला विचारलं. "आपला देश माणूस पाठवण्याआधी रिकामं यान उडवतोय. अमेरिका चंद्रासाठी वर्षानुवर्षं चाचण्या घेते. चीनने चंद्राचा मुहूर्त काढलाय, तरी घाई नाही. खासगी कंपन्यासुद्धा श्रीमंतांना तिकीट विकण्याआधी तालीम घेतात. आणि आपण काय, बसा आणि जावा?"

"साहेब, ही वर जाते नि खाली येते," गणू म्हणाला. "चंद्रावर नाय जात."

"विचार मोठा ठेवा," प्रफुल्लराव म्हणाले आणि त्यांनी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली.

सभेत टप्पे ठरले. पहिला आठवडा मानवरहित चाचण्यांचा. लिफ्ट रिकामी वर जाई, रिकामी खाली येई, आणि प्रत्येक फेरीला नारळ फुटे. दुसऱ्या टप्प्यात तळमजल्यावरच्या साडीच्या दुकानातली पुतळी आत उभी केली. दुकानदाराने तिला शालू नेसवला आणि पदरावर दुकानाचा फोन नंबर लावला, कारण खासगी सहभागाशिवाय आजकाल अंतराळात काही होत नाही. सातव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा समोर काकी होत्या.

"बाई, तुला कुठे जायचंय गं?" काकींनी तिला विचारलं. पुतळी हसतमुखाने खाली गेली.

हे पाहून 'बी' विंगमध्ये अस्वस्थता पसरली. त्यांची लिफ्ट उत्तम चालू होती. स्पर्धेत मागे पडायला नको म्हणून त्यांनी ती बंद केली आणि स्वतःचा स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला.

मग नोटीस बोर्डावर लिफ्टवीर निवडीची नियमावली लागली. पहिली समानव फेरी नेमकी बारशाच्याच रविवारी होती, आणि ती यशस्वी झाल्यावरही प्रत्येक प्रवाशाला शारीरिक क्षमतेचा दाखला आवश्यक होता. दाखल्याची अट एकच: कठडा न धरता, मध्ये न थांबता सात मजले जिन्याने चढून दाखवणे.

काकींनी फोन लावला. "प्रफुल्ल, मला जिना चढता आला असता तर लिफ्ट कशाला लागली असती रे?"

"काकी, भावना समजतात. पण मध्येच अडकलात तर जबाबदारी कोणाची? आणि ठराव एकमताने झालाय. तुमचीसुद्धा सही आहे."

सही होती खरी. सभेनंतर सहदेवकाका रजिस्टर आणि बटाटावडा घेऊन वर आले होते. "कशावर सही?" असं काकींनी विचारलंही होतं. "हजेरीची असेल. सगळ्यांनी केल्यात," काका म्हणाले होते. वडा गार होत होता, म्हणून काकींनी सही केली.

निवड झाली ती पहिल्या मजल्यावरच्या सिद्धेशची. रोज जिमला जाणारा हा मुलगा आयुष्यात कधी लिफ्टमध्ये बसला नव्हता. गेटवर त्याचा गॉगलवाला बॅनर लागला. संसर्ग नको म्हणून त्याला तीन दिवस सोसायटीच्या ऑफिसात एकटं ठेवलं, आणि त्याची आई खिडकीतून डबा देत राहिली.

रविवारी सकाळी काकी ठेवणीतली साडी नेसून, पिशवीत चांदीचे वाळे आणि दुपटं घेऊन लिफ्टसमोर स्टुलावर बसल्या. जाता येणार नाही हे त्यांना माहीत होतं. पण घरात बसवत नव्हतं.

उलटी गिनती झाली, लिफ्ट वर आली. सिद्धेश बाहेर पडला.

"काकी, पाच मिनिटं हां. गच्चीवर सोसायटीचा झेंडा लावून येतो, प्रोग्राममध्ये आहे," असं म्हणून तो गेला. लिफ्टचं दार उघडंच होतं.

काकी उठल्या.

"अगं, नियमावली..." काका म्हणाले.

"अहो, तुम्ही येताय की राहताय?"

काका आले.

खाली बँडवाले सज्ज होते. दार उघडेल तेव्हा जो बाहेर येईल त्याला हार घालायचा, असा लेखी आदेश होता. दार उघडलं, हार पडला, बँड वाजला. काकींनी हार सावरत रिक्षा केली, ती थेट खोपटला. नातीने मांडीवर येताच पहिलं काम केलं ते हारातला झेंडू ओढायचं, आणि पाच महिन्यांची घुसमट काकींच्या मनातून साफ गेली.

संध्याकाळी तातडीची सभा झाली. सिद्धेश सात जिने उतरून आला होता आणि त्याला दमही लागला नव्हता. यावरून निवडीची अट किती योग्य होती, याची इतिवृत्तात नोंद झाली. अनधिकृत समानव फेरीचा चौकशी अहवाल येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवण्याचा ठराव आला. छप्पन्न सह्या झाल्या. सत्तावन्नावीसाठी, बारशाहून सभेला परतलेले काका रजिस्टर घेऊन पुन्हा खोपटला आले, सोबत वडाही होता.

काकींनी नातीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. चष्मा लावून सगळा ठराव पहिल्यापासून वाचला आणि रजिस्टर तसंच परत दिलं. वडा मात्र खाल्ला. एक सही कमी पडल्यामुळे प्रफुल्लरावांना 'एकमताने' खोडून 'बहुमताने' लिहावं लागलं, आणि लिफ्ट बंद राहिली ती राहिलीच.

तुमच्याही सोसायटीत परवा रजिस्टर फिरलं असेल. ठराव काय होता ते आठवतंय, की फक्त वडा?