तांदळाएवढा ट्रान्झिस्टर आणि बेटावरचे ससे

एका जंगलात रेडिओ केंद्र होतं. हसू नका, बाळांनो. जंगलात समित्या असू शकतात, तर रेडिओ का नाही?

एका सकाळी नदीवरचा बांध फुटला. दुपारपर्यंत पाणी बेटावरच्या सशांपर्यंत पोहोचणार होतं. त्यांना कळवायचं ते रेडिओवरूनच. आणि नेमका ट्रान्समीटरमधला ट्रान्झिस्टर जळला.

केंद्राची दुरुस्ती चिमा चिचुंद्रीकडे होती. तिने शाळा अर्धवट सोडली होती. म्हणजे तिला काम येत होतं. तिने डबीतून तांदळाएवढा ट्रान्झिस्टर काढला.

"एवढासा?" अध्यक्ष गवेआजोबा म्हणाले. "सभेच्या कर्ण्याच्या ॲम्प्लिफायरमधला काढा. केवढा दणकट आहे. तीस वर्षं सेवा झालीय त्याची."

"आजोबा, तो भाषणाच्या आवाजापुरता. सेकंदाला काही हजार कंपनं, बस. इथे दहा कोटी लागतात. तो कूस बदलेपर्यंत लहर निघून जाते."

कासव गुरुजींनी कवचातून मान काढली. "ट्रान्झिस्टर म्हणजे ट्रान्झिस्टर. चाळीस वर्षं शिकवतोय मी."

"एखादा जोडलात का कधी, गुरुजी?"

"ही जीभ. म्हणूनच शाळा सुटली तुझी."

चिमाला बाहेर काढलं. थोरल्या ट्रान्झिस्टरला हार घालून ट्रान्समीटरमध्ये बसवलं. गवेआजोबांनी माइकवर इशारा वाचला, तोही प्रस्तावनेसकट. ट्रान्झिस्टर नुसताच तापला. लहर काही निघाली नाही.

चिमा बेटाकडे धावत सुटली. चिचुंद्रीची पावलं ती, किती धावणार?

बेटावर ससे रेडिओभोवती बसले होते. पिल्लंसुद्धा.

"नुसती खरखर येतेय. निघू या का?" एका सशिणीने विचारलं.

"कशाला?" म्हातारा ससा म्हणाला. "धोका असता तर सांगितलं असतं. जाणती मंडळी बसलीत तिथे."

दुपारी बेट उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. थोरला ट्रान्झिस्टर परत कर्ण्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये गेला. अध्यक्षांचं भाषण तीन टेकड्यांपलीकडे खणखणीत ऐकू आलं.

"बघ," गुरुजी चिमाला म्हणाले. "म्हणे चालत नाही."

तांदळाएवढा ट्रान्झिस्टर अजून चिमाच्या मुठीतच होता.

तात्पर्य : बाळांनो, थोरांचा मान राखा. त्यांचा इशारा तुमच्यापर्यंत पोहोचेल न पोहोचेल, श्रद्धांजली मात्र लांबवर ऐकू जाते.