गोरक्षचे सुळे

गोरक्षच्या वरच्या डाव्या सुळ्याचं टोक उजव्या सुळ्यापेक्षा किंचित जास्त झिजलेलं होतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल. पण तेवढ्यावरून हा माणूस डाव्या बाजूने चावतो आणि विचारात पडला की त्याच बाजूचे दात एकमेकांवर घासतो, हे सरिताला कळत होतं. गोरक्षला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या आईलाही नव्हतं. जगात फक्त सरिताला ठाऊक होतं, कारण त्याच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा तीन वर्षांपासून तिच्या टेबलासमोरच्या फळीवर होता. इतरांचे साचे वर्षभराने पोत्यात भरून टाकून दिले जात. हा एक राहत असे. सरिता मऊ ब्रशने त्याच्यावरची धूळ झाडत असे आणि कोणी विचारलंच, तर "केस अजून चालू आहे" असं सांगत असे.

ते काही खोटं नव्हतं.

गंगापूर रोडवर दातांच्या एका दवाखान्यामागे सरिताची लॅब होती. डॉक्टर पेशंटच्या दातांची मापं घेत, सरिता कवळ्या आणि प्लेटी बनवत असे. तीन वर्षांपूर्वी पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमधला सुपरवायझर तिथे आला होता. द्राक्षांचा क्रेट तोंडावर आदळून त्याचा पुढचा एक दात गेला होता. डॉक्टरांनी त्याच्या तोंडात मापाचा ट्रे बसवला आणि नेमका त्यांचा फोन वाजला. "सरिता, जरा धर," असं म्हणून ते बाहेर गेले. माप घट्ट होईपर्यंत ट्रे हलू द्यायचा नसतो. एका हाताने त्याचं डोकं आणि दुसऱ्या हाताने ट्रे धरून सरिता उभी राहिली, आणि तो घाबरू नये म्हणून बोलत राहिली. दातांवरून आपल्याला माणूस कसा ओळखता येतो, एकदा बसस्टँडवर एक अनोळखी गृहस्थ हसले तेव्हा आपणच केलेली कवळी पाहून आपल्याला किती आनंद झाला होता, असलं काहीबाही ती बोलली. घरी आठवडाभरात बोलत नसे एवढं बोलली. समोरच्याला उत्तर देता येत नव्हतं, त्यामुळे बोलणं सोपं गेलं.

ट्रे निघाल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं : "मॅडम, माझ्याशी लग्न कराल का?"

"आधी चूळ भरा," सरिता म्हणाली.

त्याने चूळ भरली, रुमालाने तोंड पुसलं आणि तसाच उभा राहिला.

"सांगते," सरिता म्हणाली.

ते सांगायचं राहून गेलं होतं. आधी वडील आजारी होते. ते गेल्यावर आईला एकटं कसं ठेवायचं, हा प्रश्न होता. आईने "भाऊ-भावजय वरच्याच मजल्यावर आहेत, तू माझं निमित्त करू नकोस," असं स्पष्ट सांगितल्यावर लॅबचं काय, हा प्रश्न निघाला. खरं म्हणजे कुठल्याही गोष्टीचं एकदाच घेतलेलं माप सरिताला पुरत नसे. गोरक्षने पुन्हा विचारलं नाही. मात्र दर हंगामात द्राक्षांची एक पेटी लॅबवर येई, तिच्यात चिठ्ठीचपाटी काही नसे. पेटी आली की सरिता मनाशी म्हणे, अजून तसंच आहे. पुढच्या वर्षी पाहू.

यंदा, म्हणजे दोन हजार नऊ साली, फेब्रुवारी अर्धा सरला तरी पेटी आली नाही. आली ती त्याच्या खोट्या दाताची, दोन तुकडे झालेली प्लेट. लॅबच्या डिलिव्हरीचं काम बघणाऱ्या यादवने ती टेबलावर ठेवली.

"ताई, गोरक्षभाऊंची. शनिवारपर्यंत नवी पाहिजे. रविवारी निफाडला पोरगी बघायला चाललेत."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? स्वतःसाठी. आई आता काही ऐकत नाहीत म्हणे. तुम्ही जरा मनावर घेऊन करा. दात चांगला दिसला की पोरीकडचे लगेच हो म्हणतील."

सरिताने मनावर घेतलं. दाताची छटा शेजारच्या दाताशी इतकी जुळवली, की तिची तिलाच चीड आली.

त्याच आठवड्यात सायली येऊन बसली. सायली तिच्या भावाची मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी व्हॅम्पायरप्रेमींचं एक मंडळ काढलं होतं. रात्री कब्रस्तानाच्या आसपास भेटायचं, असा त्यांचा मूळ बेत. परंतु अंधार पडल्यावर एकीलाही घराबाहेर सोडत नसल्यामुळे मंडळ दुपारी चार वाजता मिसळीच्या हॉटेलात भेटत असे. आता गॅदरिंग जवळ आलं होतं आणि मंडळाला सुळे हवे होते.

"बाजारातले प्लास्टिकचे नकोत, आत्या. बोलताना पडतात. अमेरिकेत फॅन लोक माप देऊन करून घेतात."

"मग माप द्या."

"सार्थकला आणलं होतं ना परवा. तो ट्रे बघूनच ओकला."

सार्थक हा मंडळाचा एकमेव पुरुष सदस्य, आणि म्हणून मुख्य रक्तपिपासू.

"तू एक नमुना तरी करून दे. तो बघितला की सगळे तयार होतील," सायली म्हणाली. "तुला माहितीये, सिनेमातला तो व्हॅम्पायर चारशे वर्षं थांबतो प्रेयसीसाठी. चारशे. ती पुन्हा जन्माला येईपर्यंत."

"त्याला बरं आहे. तो मेलेला आहे," सरिता म्हणाली. "जिवंत माणसाला त्याची आई स्थळं दाखवते."

शुक्रवारी सगळे गेल्यावर ती नमुना करायला बसली. सुळे करायचे तर कोणाच्या तरी जबड्यावर करावे लागतात. फळीवर साचे ओळीने मांडलेले होते; हात गेला तो एकाच साच्याकडे. त्याच्या सुळ्यांवर टोपीसारखे बसतील असे दोन लांब, किंचित आत वळलेले सुळे तिने मेणात कोरले. त्या साच्यात पुढच्या दाताची फट होती. व्हॅम्पायर झाला म्हणून त्याने दातपडकं का राहावं, असं वाटून तिने तो दातही बसवला. काम फार सुरेख झालं. ज्याला घालायचे त्याला कधी दाखवायचे नाहीत, असे दात ती पहिल्यांदाच करत होती, आणि म्हणून तिने घाई केली नाही.

मग सवयीप्रमाणे दोन्ही प्लेटी दोन डब्यांत ठेवून, ज्याचा साचा त्याचं नाव या लॅबच्या नियमाने, दोन्ही डब्यांवर 'गोरक्ष' असं लिहिलं. सोळा वर्षांच्या कामात तिची ही पहिली चूक.

रविवारी सकाळी सायलीने नमुन्याचा डबा उघडला आणि आत बघत राहिली.

"आत्या, हा व्हॅम्पायर एका दाताने चावतो का?"

सरिताने डबा पाहिला. टेबलाचा खण उघडून पाहिला. मग यादवला फोन लावला. यादवने कालच डबा गोरक्षभाऊंच्या हातात दिल्याचं अभिमानाने सांगितलं. गोरक्षचा मोबाईल बंद होता.

"म्हणजे तो माणूस आता मुलगी बघायला सुळे लावून गेलाय?" सायली म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मंडळ स्थापन झाल्यापासून दिसलं नव्हतं असं तेज आलं. "मी पण येणार."

पिंपळगावच्या एसटीत खिडकीशी बसून सरिता माफीची वाक्यं जुळवत होती. जमत आलेलं लग्न आपण मोडलं, या विचाराने तिला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली आणखी काहीतरी वाटत होतं, त्याची जास्त लाज वाटत होती. सायली शेजारून इतिहास सांगत होती.

"तीनशे वर्षांपूर्वी तिकडे परदेशात व्हॅम्पायरच्या भीतीने खरंच गावंच्या गावं थडगी उकरायची. सरकारने सैन्यातले डॉक्टर पाठवले तपासाला. त्यांनी रीतसर लिहून ठेवलंय, प्रेतांचे दात आणि नखं वाढलेली होती."

"वाढली नव्हती. मेल्यावर हिरड्या आणि कातडी आकसते. आत होतं तेवढंच बाहेर दिसायला लागतं."

"तू ना, सगळ्यातली मजा घालवतेस."

ओझर मागे पडलं. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे लागले. गोरक्ष तोंड मिटून बसला असेल, तर कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसेल. पण तो हसला असेल तर? तो हसतोच.

घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात जीप उभी होती. मंडळी निफाडहून नुकतीच परतलेली दिसत होती. दार गोरक्षने उघडलं. सरिताला पाहून तो आधी गडबडला आणि मग मनापासून हसला. दुपारच्या लख्ख उन्हात ते दोन्ही सुळे चमकले.

"आत्या, हा दिवसाढवळ्या फिरतो," सायली पुटपुटली.

"मॅडम, तुम्ही? या की," गोरक्ष म्हणाला. "आई, बघ कोण आलंय. दातवाल्या मॅडम."

"तुम्ही आरशात पाहिलं नाही का?" सरिताने विचारलं. माफीची सगळी वाक्यं ती विसरली होती.

"नाय. जीप दारात उभी होती, आई हाका मारत होती. पटकन बसवली प्लेट आन निघालो. जीभ फिरवली तर जरा लांब लागले. पण म्हटलं, तुम्ही केलेत म्हणजे काहीतरी विचार करूनच केले असतील. सवय होईल."

गोरक्षची आई यशोदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मला दिसले व्हते," त्या म्हणाल्या. "म्हटलं शहरातलं काम हाय, आता अशीच फ्याशन असंल. आपण कशाला अडाण्यावानी विचारायचं?"

"आणि तिकडचे? ते काही बोलले नाहीत?"

"सोयरीक जुळवायला बसल्यावं कोण बोलतंय? मुलीची आजी तेवढी उठून आत गेली. आन मामानं आमचं कुलदैवत दोनदा विचारलं."

"आणि मुलगी?" हा प्रश्न सायलीचा होता.

गोरक्ष जरा लाजला. "तृप्ती नाव तिचं. तिनं आल्याआल्या माझ्याकडं बघितलं आन आत जाऊन लसणाच्या शेवेची बशी घेऊन आली. माझ्या पुढ्यात ठेवून बघत बसली. मी खाल्ली सगळी. अजून हाय का विचारलं, तर ती एवढी हसली की बाप तिच्यावर डाफरला."

सायलीने भिंतीला हात टेकला. "व्हॅम्पायरला लसूण चालत नाही! ती आपल्यातली आहे, आत्या."

"मग आम्हाला दोघांना बोलायला बाहेर पाठवलं," गोरक्ष सांगत होता. "ती म्हणाली, हे दात मुद्दाम लावून आलात? म्हटलं हो, आजच्यासाठीच नवे करून घेतले. म्हणाली, आतापर्यंतचे सगळे पगार सांगत होते, तुमच्यासारखा एकबी नाय आला." त्याने सरिताकडे पाहिलं. "तुमच्या हाताला यश हाय, मॅडम."

सरिताने पर्समधून दुसरा डबा काढून त्याच्यापुढे धरला.

"तुमची प्लेट ही आहे. डबे बदलले. ते तोंडातले तुमचे नाहीत. हिच्या कॉलेजातल्या मुलांना नमुना म्हणून केलेले व्हॅम्पायरचे सुळे आहेत. रक्त पिणारं भूत असतं ते. माझी चूक झाली. मी निफाडला जाऊन तसं सांगीन."

गोरक्षने अंगठ्याने एका सुळ्याचं टोक चाचपलं. पहिल्यांदाच नीट, वरपासून खालपर्यंत. मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"कॉलेजातल्या पोरांसाठी केले, तर मला एवढे बरोब्बर बसले कसे?"

"तुमच्या साच्यावर केले म्हणून."

"माझा साचा अजून हाय?"

"आहे."

"आन माझ्याच साच्यावर का केले?"

"फळीवर तेवढाच होता," सरिता म्हणाली.

"तेवढाच?" सायली म्हणाली. "आत्या, तिथे चाळीसएक तरी आहेत. पडायला लागलेत एकमेकांवर."

गोरक्षचा डावा जबडा हळूच घासल्यासारखा हलला आणि त्या लांब सुळ्यांमुळे मध्येच अडला. एवढ्यात यशोदाबाईंच्या हातातला मोबाईल वाजला. त्यांनी तो कानाला लावला, दोनदा "बरं, बरं" म्हटलं, आणि हरखलेल्या चेहऱ्याने गोरक्षकडे वळल्या. फोनवर हात ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

"निफाडचे हायत. पोरीनं हो म्हटलंय. आजवर पहिल्यांदाच म्हणं. आपलं काय सांगू रं?"

गोरक्ष आईकडे बघत नव्हता. तो तीन वर्षांपूर्वी चूळ भरून जसा उभा राहिला होता तसाच हात खाली सोडून उभा होता, आणि या खेपेलाही त्याने काही विचारलं नाही. विचारायचं ते त्याने एकदा विचारून ठेवलं होतं.

"आरं सांग ना. ते लाइनवं हायत."

सरिताने एक श्वास घेतला. तोंडात ट्रे नसलेल्या माणसासमोर बोलणं किती अवघड असतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

"काकू, त्यांना नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. "यांनी मला आधी विचारलंय. माझं हो आहे."