बिघाड आढळत नाही

सुरतेच्या भेस्तान भागातल्या योगराज पाटलांच्या घरी व्हिडिओ गेमचा कन्सोल चालता चालता आपोआप बंद पडू लागला, ही बाब वरवर पाहता किरकोळ होती. योगराजभाऊ लूमच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांची कॉलेजात जाणारी सोनाली बापाशी 'हो', 'नाही' आणि 'चार्जर कुठंय' एवढंच बोलत असे. कन्सोल आला आणि संध्याकाळी दोघं क्रिकेट खेळू लागले. खेळता खेळता पोरगी बोलायची, कॉलेजातलं, मैत्रिणींचं, एकदा तर पुढं काय करायचंय तेही. योगराजभाऊ जिवाच्या आकांतानं विकेट सांभाळत, कारण ते आऊट झाले की गप्पाही संपत.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग योगराजभाऊंच्या आईनं, शोभाबाईंनी, कन्सोलला कव्हर शिवलं. घरात टीव्ही, फ्रीज, मिक्सर सगळ्यांना कव्हर. हा एकटाच उघडा, म्हणजे पाहुण्यांपुढे शोभा. आत जाड प्लास्टिक, वर साडीचं कापड, कडेनं सोनेरी लेस. वायरींपुरती आणि बटणापुरती भोकं ठेवलेली.

"नवी वस्तू शे रे भाऊ," त्या धुळीच्या धास्तीनं म्हणाल्या. "उघडी ठेवी ते धूय भराई जाई."

त्या संध्याकाळी सोनाली काहीतरी महत्त्वाचं सांगायला लागली आणि कन्सोल गरम होऊन बंद पडला.

योगराजभाऊंनी तो सर्व्हिस सेंटरला नेला. कव्हर हरवू नये म्हणून ते अर्थातच घरी ठेवलं. सेंटरवर कन्सोल दिवसभर चालला. काउंटरवरच्या मगनभाईंनी निकाल दिला, "मशीन बराबर छे, साहेब." घरी आणून कव्हर चढवलं, बंद पडला. पुन्हा सेंटर, पुन्हा बराबर. असं दोन-तीनदा झाल्यावर सेंटरनं नियमावर बोट ठेवलं. सदोष नसलेलं यंत्र बंद पडत असेल, तर दोष ग्राहकाच्या घरात आहे असं मानण्यात येतं.

घराची तपासणी करायला प्रशांत नावाचा इंजिनियर आला. त्यानं प्लग पाहिला, अर्थिंग पाहिलं, भिंतीवर टिचक्या मारल्या, सोनालीला तिच्या सवयी विचारल्या. कव्हरवर हात ठेवून "गरम आहे" अशी नोंद केली. मग योगराजभाऊंनी भीतभीत विचारलं, की कव्हर काढून बघायचं का.

प्रशांत एक पाऊल मागे सरला. "कव्हर कंपनीनं दिलेलं नाही. त्याला हात लावायचा आम्हाला अधिकार नाही. आणि तुम्ही काढलंत, तर मशीन रोजच्या परिस्थितीत राहणार नाही. मग निदान कशाचं करायचं?"

जाताना त्यानं शोभाबाईंना लेस कुठल्या दुकानातली ते विचारून घेतलं. त्याच्या बॅगेच्या हँडलवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

निदान झालं: खोली गरम. योगराजभाऊंनी कूलर बसवला. कूलरची ओल कन्सोलला लागू नये म्हणून शोभाबाईंनी वरून दुसरं प्लास्टिक घातलं. आता टॉस होण्याआधीच सामना संपू लागला.

प्रकरण वरच्या कार्यालयात गेलं. तिथल्या तज्ज्ञांनी सर्व अहवाल अभ्यासून अंतिम मत कळवलं, की सदर यंत्र चालू करेपर्यंत पूर्णपणे निर्दोष आहे. सबब ग्राहकानं ते चालू करू नये. तेव्हापासून कन्सोलमध्ये एकही बिघाड झालेला नाही. शोभाबाईंनी ते पत्र लॅमिनेट करून कन्सोलच्या वर टांगलं.

"राहू द्या ना, पप्पा. रोज रोज काय," म्हणून सोनाली मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेली. ती काय सांगणार होती, ते योगराजभाऊंना अजून कळलेलं नाही. त्याचं त्यांना फार वाईट वाटतं. एका संध्याकाळी त्यांनी कव्हरच्या लेसला हात घातलाही होता. तेवढ्यात शेजारच्या चंपाबाई कव्हरचं माप घ्यायला आल्या आणि शोभाबाईंचा चेहरा अभिमानानं फुलला. योगराजभाऊंनी लेस सरळ केली आणि ते पुन्हा सोफ्यावर बसले. सोफ्याचं प्लास्टिक करकरलं.

तुम्ही हसलात, ते बरंच झालं. आता टीव्ही लावा. रिमोटवरच्या प्लास्टिकमुळे बटण दोनदा दाबावं लागेल. सेल संपले असतील, बदलून पाहा.