अठरा मिनिटांची रात्र

रात्रीच्या आकाशावर संगीत रचणं मुळीच अवघड नाही. वर बघायचं आणि खाली लिहायचं. लोक उगाच बाऊ करतात. मी कानाची यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे आवाजाची नस मला सापडलेली आहे, असं मी बायकोला लग्न झाल्यापासून सांगत आलोय. तिने ते कधी खोडून काढलं नाही, कारण बहुतेक वेळा तिचं लक्षच नसतं.

बायको चेलो वाजवते. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला काका, गुडघ्यांत धरून वाजवायचा. शहरातल्या वाद्यवृंदात आठ चेलो आहेत आणि शेवटची खुर्ची हिची. एकोणीस वर्षं तीच खुर्ची. पुढच्या खुर्चीवर एक ताडमाड गृहस्थ बसतात, त्यांच्या पाठीमुळे हिला संचालकांची छडी दिसत नाही. म्हणून ही बिचारी डाव्या पायाने जमिनीवर ताल धरून वाजवते.

यंदा पहिल्या खुर्चीवरचे चेलोवादक निवृत्त होणार होते. हिने धीर करून संचालकांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला एकटीला वाजवताना मी कधी ऐकलेलंच नाही. ऐकवा एकदा, मग बघू." योगायोगाने तारांगण चालवणाऱ्या बाईंना रविवारी घुमटावर दाखवायच्या रात्रीच्या आकाशासोबत चेलो आणि इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे यंत्रातून काढलेले आवाज, असं काहीतरी नवीन हवं होतं. संचालकांनी ऐकायला यायचं कबूल केलं. आता फक्त रचना करणारा माणूस हवा होता.

"घरात संगीतकार असताना बाहेर कशाला शोधायचा?" मी म्हणालो.

"कोण आलंय?" सासूबाईंनी विचारलं आणि खरोखर दाराकडे बघितलं.

चार महिने मी खपलो. चेलोचे सूर मी आणि बायकोने मिळून लिहिले, म्हणजे मी लिहिले आणि तिने वाजवण्यासारखे केले. इलेक्ट्रॉनिक्स मात्र शंभर टक्के माझं. एकूण बावीस आवाज. फ्रिजची घरघर लांबवून आकाशगंगा केली. सोड्याची बाटली उघडून उल्का पाडल्या. सासूबाईंचं दुपारचं घोरणं शंभरपट हळू केलं, तेव्हा शनीची कडी मिळाली. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. सगळे आवाज लॅपटॉपमध्ये भरले आणि त्याला एक पायाने दाबायचं पेडल जोडलं. एकदा दाबलं की पुढचा आवाज सुरू. सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत बरोब्बर अठरा मिनिटं.

पहिली तालीम आमच्या बैठकीच्या खोलीत झाली. बायकोने डोळे मिटले, गज तारांवर ठेवला आणि वाजवायला लागली. सूर्य मावळला, तारे उगवले, उल्का पडल्या, शनी घोरला आणि पाखरं किलबिलायला लागली. तीस सेकंदांत.

"झाली सकाळ?" सासूबाई म्हणाल्या. "चहा टाकते."

हिचा डावा पाय पेडलवर ताल धरत होता. दर ठोक्याला एक आवाज पुढे.

"पाय हलवू नकोस," मी म्हणालो.

"मी कुठे हलवतेय?" ती म्हणाली. तिला खरंच पत्ता नव्हता.

पेडल उजव्या पायाखाली ठेवलं. दोन दिवसांत उजवा पायही तयार झाला. पेडल हातभर लांब सरकवलं, तर ही वाजवता वाजवता खुर्चीसकट त्याच्या मागे गेली. शेवटी मी तिचा पाय मफलरने खुर्चीला बांधला. मग खुर्चीच नाचायला लागली, आणि खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी येऊन विचारलं की घरात सगळं ठीक आहे ना. बायको पाय बांधलेल्या अवस्थेत आणि सासूबाई मफलरचं टोक धरून, अशा स्थितीत मी त्यांना म्हणालो, "आकाश चाललंय." ते आल्या पावली निघून गेले.

त्या संध्याकाळी बायको पहिल्यांदा चिडली. "पाय बांधला की मला हात बांधल्यासारखं वाटतं. तुझ्या आवाजांपायी माझी खुर्ची जाईल. एकोणीस वर्षांनी एकदा संधी आलीय रे."

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "तू फक्त वाजव. पेडल मी दाबीन. पडद्यामागे बसून."

"जमेल?"

"अगं, एक बटण दाबायचंय. लहान मूलसुद्धा दाबेल."

रविवारी दुपारी चार वाजता तारांगणाच्या घुमटात रात्र झाली. संचालक पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मी काळ्या पडद्यामागे स्टुलावर. समोर चेलोचे सूर लिहिलेला कागद, त्यावर लाल पेन्सिलीने बावीस खुणा, पायाखाली पेडल. पहिली खूण पाचव्या ओळीवर होती.

बायकोने पहिला सूर लावला.

आता खरं सांगतो. एकोणीस वर्षं मी तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला गेलोय, पण आठ चेलोंत तिचा कुठला हे मला कधीच कळलेलं नाही. घरी ती शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज दाबून वाजवते. मोकळा आवाज मी आज ऐकत होतो. इतका खोल आणि इतका मायेचा आवाज माझ्या घरात राहत होता आणि मी फ्रिजची घरघर टिपत बसलो होतो. माझे डोळे भरून आले. नाक पुसायला रुमाल शोधत होतो, तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी मधेच टाळ्या वाजवल्या म्हणून मला रागच आला. मग बाहेर डोकावलो, तर बायको उभी राहून वाकत होती आणि घुमटावर पहाट झालेली होती.

पेडलला माझा पाय लागलेलाच नव्हता. बावीसपैकी एकही आवाज झाला नव्हता.

मी पडद्यामागून चोरासारखा बाहेर आलो. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी जागीच थिजलो. तेवढ्यात संचालक पुढे आले आणि तिला म्हणाले, "सोमवारपासून पहिल्या खुर्चीवर बसा." एवढंच म्हणाले आणि टोपी घालून निघाले. बायको खुर्चीत बसून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माफी मागायला तोंड उघडलं.

पण तारांगणाच्या बाईंनी माझा हात धरला. "आणि तुमचं इलेक्ट्रॉनिक्स! काय संयम आहे हो तुमच्यात. दुसरा कुणी असता तर आवाजांचा बाजार मांडला असता. तुम्ही अठरा मिनिटांत फक्त तो एक ठोका ठेवलात. धप, धप. काळजाला भिडला अगदी."

मी बायकोच्या डाव्या पायाकडे बघितलं. बायकोनेही बघितलं. लाकडी मंच होता, खालून पोकळ.

"कसा मिळवलात तो आवाज?" बाईंनी विचारलं.

"चार महिने लागले," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

आता आणखी तीन तारांगणांकडून पत्रं आली आहेत. तिन्ही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स अगदी तसंच हवंय, काहीही बदल नको म्हणतात. काल मी बायकोला घेऊन चपलांच्या दुकानात गेलो होतो. तास-दीड तास डाव्या पायातले बूट तिला घालायला लावून, फरशीला कान टेकवून एकेकाचा आवाज ऐकला.

दुकानदाराने शेवटी न राहवून विचारलं, "साहेब, तुम्ही काय करता?"

"संगीतरचना," मी फरशीवरूनच म्हणालो. "हाच बूट जरा जाड टाचेत दाखवा."