कापसाची व्यायामशाळा

कॉलेजच्या व्यायामशाळेला कायम कुलूप असे, आणि देखभाल काय ती फक्त त्या कुलपाची होई. उमरखेड तालुक्यातल्या या कॉलेजात प्रवेशाच्या वेळी व्यायामशाळा शुल्क मात्र नेमाने कापून घेत. पोरं मुकाट्याने भरत, कारण न भरून करतात काय!

रंजिता आडे मात्र अडून बसली. सोमवारी तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. धावण्यात ती पोरांनाही मागे टाकी, पण गोळाफेकीत मार खाई. आपल्या बंजारा तांड्यावर दगड फेकून सराव करायची. कॉलेजचा एकुलता एक लोखंडी गोळा कुलपाआड पडलेला.

"सर, मले गोळा पायजे," ती प्राचार्य श्रीकृष्ण मोहरीलांसमोर उभी राहिली.

"अगं, व्यायामशाळेचं काम चालू आहे."

"कायचं काम, सर? तीन वर्षं झाली, आमी कुलूपच पाहून राह्यलो."

"काम आतून चालू आहे," प्राचार्य म्हणाले आणि फोन कानाला लावला. फोन आलेलाच नव्हता.

आत होता संस्थेचे अध्यक्ष मारोतराव यांचा कापूस. भाव चढेपर्यंत तो विकायचा नव्हता, आणि साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते म्हणून त्यांच्या बायकोने घरात ठेवू दिला नव्हता. मग विद्यार्थ्यांच्या पैशातून बांधलेली खोली काय वाईट? शिक्षणाची गंगा तांड्यातांड्यावर नेली, असं मारोतराव दर भाषणात सांगत. गंगा कुठवर गेली कोण जाणे, कापूस मात्र कॉलेजात सुखरूप पोचला होता.

त्याच आठवड्यात विद्यापीठाची समिती सुविधा तपासायला आली. या समित्या आजवर शाल, नारळ आणि बासुंदी एवढ्याच सुविधा तपासून जात. पण या समितीच्या अध्यक्षा पद्मजाबाईंना निघाला साखरेचा आजार. त्यांनी बासुंदीची वाटी बाजूला सारली, आणि हाताशी उरलेल्या वेळेचं करायचं काय म्हणून म्हणाल्या, "चला, व्यायामशाळा पाहू."

प्राचार्यांनी शिपाई गोविंदाला पिटाळलं, "सतरंज्या टाक त्याच्यावर! असतील तेवढ्या!" मग कुंपणापाशी दगड फेकणाऱ्या रंजिताला गाठलं. "बेटा, आत जाऊन जरा व्यायाम करून दाखव."

"गोळा देता?"

"आतच आहे. शोध अन् घे!"

दार उघडलं. सतरंज्यांखाली ढीग पार खिडकीपर्यंत गेलेला.

"हे काय?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"उंच उडीची गादी, मॅडम."

"खोलीभर?"

"आमची मुलं फार उंच उडतात."

रंजिताने तोवर ढिगात खांद्यापर्यंत हात खुपसला होता.

"ही काय करते आहे?"

"खांद्याचा व्यायाम."

हाताला गोळा लागेना. तिने ओढणी कमरेला खोचली आणि डोक्यासकट आत सूर मारला. बाहेर नुसते पाय राहिले.

"आणि आता?"

"योगासन," प्राचार्य मान खाजवत म्हणाले.

पद्मजाबाईंनी पूर्ण गुण देऊन टाकले. विदुषी बाई, पण कापूस त्यांनी जन्मात वातीएवढाच पाहिला असावा. शेवटी रंजिता केसांत कापूस घेऊन बाहेर आली. हातात गोळा होता.

तेवढ्यात एक रिकामी पिकअप उलटी येऊन दाराला भिडली. मारोतराव खाली उतरता उतरताच ओरडले, "गोविंदा, भर रे पटापट! भाव चढला, भाव!"

मग त्यांना समिती दिसली.

"गादी कुठे नेताय?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"धुवायला," प्राचार्य घाईने म्हणाले.

"अजिबात नाही. विद्यार्थ्यांच्या पैशातली वस्तू आहे. आवाराबाहेर जायची नाही. मी पुन्हा येऊन बघणार आहे."

"अवो बाई, हा तर माहा..." मारोतरावांनी तोंड उघडलं आणि प्राचार्यांना खोकल्याची जोरदार उबळ आली. माझा म्हणावं, तर व्यायामशाळेत काय करतो? कॉलेजचा म्हणावं, तर विकायचा कसा? मारोतरावांनी पिकअपचा फाळका उघडला आणि पुन्हा लावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना भाषण सुचेना.

बाईंना आता संशय आला: गादीला भाव कसला, आणि पोरीच्या केसांत कापूस कसा? त्या रंजिताकडे वळल्या. "तू सांग गं. कोणाचा आहे हा कापूस?"

अध्यक्ष आणि प्राचार्य दोघेही रंजिताकडे बघू लागले. तीन वर्षांत तिच्याकडे इतक्या मायेने कोणी पाहिलं नव्हतं. रंजिताने दोघांना नीट बघून घेतलं.

"आमचाच हाय, मॅडम. दरसाल फी भरतो ना आमी याची," ती म्हणाली. "अन् अध्यक्षसाहेब, गाडी जराशी बाजूले घ्या. मले गोळा फेकायचा हाय."